खोबरेल तेल खरंच विष आहे का? घाण्यावर गिऱ्हाईक विचारतंय, काय सांगू?

आचऱ्याची घाणेवाली

नमस्कार मंडळी,

आचऱ्यात आमचा खोबरेल तेलाचा छोटा घाणा आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि नवरा चालवतो. खोबरं बरंचसं आमच्याच माडांचं, कमी पडलं तर शेजारच्या वाड्यांतून घेतो. वाट्या खळ्यात वाळवायच्या, करवंटीपासून सुटल्या की काप करून पुन्हा चांगलं ऊन द्यायचं आणि मगच घाण्यात घालायचं, ही सासऱ्यांची शिस्त आम्ही मोडलेली नाही. गावातली माणसं बाटली घेऊन येतात, पण वर्षाचा खरा धंदा चाकरमान्यांवर. गणपती आणि मे महिना.

यंदा गणपतीत मुंबईच्या एक वहिनी आल्या. दरवर्षी पाच लिटरचा कॅन नेतात. या वेळी म्हणाल्या, केसांना लावायला अर्धा लिटर द्या फक्त. कारण विचारलं तर मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिलेलं, हार्वर्डचं संशोधन, खोबरेल म्हणजे शुद्ध विष, डुकराच्या चरबीपेक्षाही वाईट. त्यांच्यानंतर आणखीही काही जणांनी तेच विचारलं. मी काय सांगणार? मी बारावी सायन्स, त्यापुढे शिकले नाही.

दुसऱ्या बाजूला, ज्यांच्याकडून आम्ही बाटल्या घेतो त्यांनी छापील स्टिकरचा गठ्ठा दिलाय. ‘हृदयासाठी अमृत. कोलेस्टेरॉल शून्य. वजन घटवते.’ म्हणाले, लावा, सगळे लावतात. लावलेले नाहीत. घरात तसेच पडून आहेत.

आणि तिसरी गोष्ट घरातली. गेल्या वर्षी सासऱ्यांना दोन स्टेंट टाकले. त्यांना माशाच्या कढीत वाटप, म्हणजे वाटलेला नारळ, कमी केलं तरी कळतं, ताट सरकवतात. डॉक्टरांनी ‘तेलकट कमी’ एवढंच सांगितलं.

मला माझा माल खपवायला उत्तर नको आहे. खरं असेल ते सांगा. विष असेल तर मी लोकांना विकणार नाही.

दापोलीकर

ताई, अजिबात घाबरू नका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नारळ खाल्लाय. माझे आजोबा नव्वदी पार करून गेले, शेवटपर्यंत घावण्यांच्या तव्याला खोबरेल, आमटीत नारळ, जेवणावर सोलकढी. डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. बाहेरच्यांना आपलं सोयाबीन आणि सूर्यफूल खपवायचंय, म्हणून हे असले निष्कर्ष निघतात. तुम्ही छातीठोकपणे विका.

निवृत्त, वेंगुर्ले

घाणेवाली ताई, माझी उभी नोकरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात गेली. मुलांना हेच शिकवायचे की संशोधनाची बातमी हातात आली तर ती कशी वाचायची. तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी ते ‘विष’ कुठून आलं ते. २०१८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात कारिन मिशेल्स या एपिडेमिऑलॉजीच्या (आजार लोकांमध्ये कसे आणि का पसरतात याच्या शास्त्राच्या) प्राध्यापिकेने लोकांसाठी एक व्याख्यान दिलं, जर्मनमध्ये. विषय होता खोबरेल आणि आहारातले इतर गैरसमज. ‘शुद्ध विष’ हे शब्द त्या व्याख्यानातले. व्हिडिओ यूट्यूबवर गेला आणि ऑगस्टमध्ये जगभर पसरला. बाईंची हार्वर्डच्या टी. एच. चॅन स्कूल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये संलग्न प्राध्यापक म्हणूनही नेमणूक होती, तेवढ्यावर मथळे झाले ‘हार्वर्ड म्हणतं’. त्या व्याख्यानात नवा प्रयोग नव्हता, नवी आकडेवारी नव्हती आणि तो हार्वर्डचा अहवालही नव्हता. आपल्या देशाच्या फलोत्पादन आयुक्तांनी तेव्हा त्या स्कूलच्या डीनना पत्र लिहून विधान मागे घ्यायला सांगितलं होतं. तुमच्या वहिनींना आलेला मेसेज तेव्हापासून फिरतोय.

पण मेसेज चुकीचा निघाला म्हणून खोबरेल निर्दोष ठरत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही खरं विचारलंय म्हणून पुढचं सांगते.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे तुमच्या घाण्यावरचं तेल बाटलीत थिजून पांढरं होतं ना? शेंगदाण्याचं होत नाही. खोबरेलातली चरबी बहुतांश संपृक्त असते, डॉक्टर ज्याला सॅच्युरेटेड फॅट म्हणतात ती, म्हणून हे होतं. खोबरेलात तिचं प्रमाण ८२ ते ९० टक्के. लोण्यात ६३ टक्क्यांच्या आसपास, डुकराच्या चरबीत ३९, शेंगदाणा तेलात १७-१८. मेसेजमधली डुकराच्या चरबीची तुलना या आकड्यांवर उभी आहे. आकडा खरा आहे, त्यावर चढवलेला ‘विष’ हा शब्द खरा नाही.

आता माणसांवरचे प्रयोग. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात सॉ स्वी हॉक स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ आहे. तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरच्या १६ चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. चाचण्यांची पद्धत साधारण अशी: काही माणसांना काही आठवडे खोबरेल द्यायचं, काहींना दुसरं तेल द्यायचं, कधी तीच माणसं आलटून पालटून, आणि रक्त तपासायचं. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेल घेणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी १० मिलिग्रॅमच्या थोडं वर चढलेलं दिसलं. चांगलं म्हणतात ते एचडीएलही चढलं, ४ मिलिग्रॅमने. खोबरेलवाले फक्त एचडीएलचं सांगतात, विषवाले फक्त एलडीएलचं. दोन्ही एकाच तक्त्यात आहेत.

एचडीएल चढलं म्हणजे फिटंफाट झाली असं मात्र नाही. एलडीएल खाली आणलं की हार्ट अटॅक कमी होतात हे औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. एचडीएल वाढवणारी औषधं करून पाहिली, त्यांतून तसा फायदा मिळाला नाही. त्यामुळे १० मिलिग्रॅमची वाढ निरोगी माणसाला फार मोठी नसली तरी तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाला ती नको आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेल टाळा असं म्हटलं ते याच कारणाने. त्या निवेदनाचे पहिले लेखक फ्रँक सॅक्स हे हार्वर्डच्याच त्या स्कूलचे. तिथल्याच पोषण विभागाचे अनेक वर्षं प्रमुख असलेले वॉल्टर विलेट यांनी त्याआधी, २०११ मध्ये, खोबरेल बेताने वापरा असं लिहिलं होतं. म्हणजे ‘हार्वर्ड काय म्हणतं’ विचारलंत तर तिथला सूर ‘टाळा’ किंवा ‘अगदी बेताने’ असा आहे.

या चाचण्यांची मर्यादाही सांगते. त्या बहुतेक काही आठवड्यांच्या. त्यांत रक्तातले आकडे मोजलेत, हार्ट अटॅक मोजलेले नाहीत. आणि खोबरेलाच्या समोर कुठलं तेल ठेवलं यावर निकाल हलतो. केंब्रिजच्या के-टी खॉ यांनी २०१८ मध्ये लोणी, खोबरेल आणि ऑलिव्ह तेल, रोज ५० ग्रॅम, चार आठवडे, अशी तुलना केली. तिथे एलडीएल लोण्याने वाढवलं आणि खोबरेल ऑलिव्हच्या जवळ राहिलं. म्हणून कुठलीही बातमी आली की मी मुलांना विचारायला लावायचे: कशाच्या तुलनेत, कोणाला, किती दिवस, आणि मोजलं काय? मथळ्यात यातलं काही नसतं.

दापोलीकर, तुमच्या आजोबांबद्दल आदर ठेवूनच लिहिते. जे नव्वदी पार करून गेले त्यांची आठवण घरात राहते. पंचावन्नाव्या वर्षी शेतात कळ येऊन गेलेल्या माणसाबद्दल ‘अचानक गेला’ एवढंच म्हणतात, त्याने काय खाल्लं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिवाय आजोबांच्या अंगात नांगरणी, लावणी, डोंगरातून डोक्यावर आणलेली लाकडं होती, आणि घाण्याचं तेल तेव्हा मापाने यायचं. पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटावर लोकांच्या एकूण उष्मांकापैकी ६३ टक्के नारळातून येत होते आणि हृदयविकार क्वचित होता, असं १९८१ मध्ये प्रसिद्ध झालंय. त्याच लेखात हेही आहे की कमी नारळ खाणाऱ्या पुकापुका बेटापेक्षा टोकेलाऊकरांचं कोलेस्टेरॉल बरंच जास्त होतं. त्यांचं बाकीचं जेवण मासे आणि फणसासारखं ब्रेडफ्रूट, साखर थोडी. बिस्किटं, फरसाण आणि दिवसभर खुर्ची असलेल्या आपल्या आयुष्यात त्यातला फक्त नारळ उचलून आणता येत नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघराचा हिशेब, कारण याच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे तेलाबद्दल भांडतात, पण आपल्याकडे नारळ जातो तो मुख्यतः वाटपातून. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साधारण ३३ ग्रॅम चरबी असते. एका मध्यम नारळाचं खोबरं ३०० ग्रॅम धरा. पाच माणसांच्या घरात दिवसाला एक नारळ लागला तर माणशी २० ग्रॅम चरबी, त्यातली १८ ग्रॅमच्या आसपास संपृक्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संपृक्त चरबी एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरी खाणाऱ्याला ती मर्यादा २२ ग्रॅम. ज्यांना एलडीएल खाली आणायचंय त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन १३ ग्रॅमच्या आसपास थांबायला सांगते. म्हणजे सकाळच्या चहातलं दूध, भाकरीवरचं तूप, तव्यावरचं खोबरेल हे काहीही न मोजता सासऱ्यांचा कोटा कढीतच संपलेला असतो. खोबऱ्यात चोथा आहे, पाणी आहे, म्हणून ते निव्वळ तेलापेक्षा बरं. पण चरबी तीच.

ताट सरकवतात म्हणालात. वाटप एकदम अर्धं करू नका. नारळ थोडा थोडा कमी करत न्या, कढीला दाटपणा यायला धणे आणि कांदा भाजून वाटा, आणि तिरफळ-आमसूल जरा वाढवा. बांगडा-तारली कढीतच द्या, दोन्ही मासे हृदयाला चांगले, पण तळून नकोत. आठवड्यातले काही दिवस कुळथाची पिठी करा, तिला नारळ लागतच नाही. फोडणीला शेंगदाणा तेल. आणि ते मशेरी लावत असतील तर वाटपाआधी ती सोडवा. तंबाखू आणि रक्तदाब हे दोन विषय हृदयाच्या बाबतीत तेलापेक्षा मोठे आहेत.

स्टिकर लावू नका. ‘कोलेस्टेरॉल शून्य’ हे कुठल्याही वनस्पतीच्या तेलाबद्दल खरं आहे, कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवायला ते तेलात असावं लागत नाही, संपृक्त चरबी पुरते, आणि वाचणारा नेमका तिथे फसतो. ‘वजन घटवते’ हे ज्या प्रयोगांवरून आलं ते मध्यम साखळीची (मध्यम लांबीच्या रेणूंची) चरबी वेगळी काढून बनवलेल्या खास तेलावर झाले होते. तसली चरबी खोबरेलात जेमतेम १५ टक्के. निम्मं खोबरेल लॉरिक आम्ल असतं आणि शरीर त्याला बहुतांशी लांब साखळीच्या चरबीसारखंच वागवतं.

गिऱ्हाइकाला एवढं सांगा: विष नाही, अमृतही नाही. निरोगी माणसाने आठवड्यातून काही वेळा चवीपुरतं वापरलं तर हरकत नाही, रोजचं तळण यात करू नये. आणि खोबरेल सोडून वनस्पती तुपातली खारी किंवा पाम तेलातलं फरसाण वाढवलं तर काही कमावलं नाही, पाम तेलही निम्मं संपृक्तच आहे.

कुडाळची, सध्या कोचीत

मी इथे एका हॉस्पिटलमध्ये कार्डिॲक आयसीयूत नर्स आहे. वेंगुर्ल्याच्या मॅडमनी छान समजावलंय. एक भर घालते, कारण इथे केरळात हा वाद रोज ऐकते. कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटने २०० हृदयरुग्ण घेऊन निम्म्यांना स्वयंपाकाला खोबरेल आणि निम्म्यांना सूर्यफूल तेल दिलं, दोन वर्षं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही गटांत कोलेस्टेरॉलमध्ये किंवा हृदयाच्या त्रासात लक्षणीय फरक दिसला नाही. इथले नातेवाईक हा अभ्यास दाखवून म्हणतात, बघा सिस्टर, काही होत नाही. मॅडम, यावर काय सांगायचं?

निवृत्त, वेंगुर्ले

हा अभ्यास मला माहीत आहे आणि चांगला आहे, आपल्याच माणसांवरचा आहे. पण तो वाचताना बघा की दोन्ही गटांतले रुग्ण नेहमीच्या औषधोपचारावर होते. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी एलडीएल इतकं खाली खेचते की तेलामुळे पडणारा छोटा फरक त्यात झाकून जाऊ शकतो. शिवाय हार्ट अटॅकच्या संख्येतला फरक पकडायला २०० माणसं फार थोडी, त्याला हजारो लागतात. त्यामुळे नातेवाइकांना असं सांगा: गोळ्या नियमित चालू असताना माफक खोबरेलाने मोठी उलथापालथ झालेली दिसली नाही. गोळ्यांशिवाय काय होईल हे त्या अभ्यासाने विचारलेलंच नाही.

देवबागचो

मॅडम, माझी अँजिओप्लास्टी झालेली आसा. मोबाइलार एक डॉक्टर सांगी होतो, सकाळी उपाशी पोटी दोन चमचे खोबरेल घेतलास तर शिरो साफ होतत. तेव्हापासून मी रोज पितंय. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलंय. अंगाक बरा वाटता, चलतंय, समुद्रार जातंय. घरातली रागावतत. गोळी नाय घेतली तर चलात मां?

निवृत्त, वेंगुर्ले

भाऊ, नाही चालणार. स्पष्ट सांगते, कारण हे वाचून मला काळजी वाटली.

खोबरेल पिऊन शिरा साफ होत नाहीत, असा एकही पुरावा नाही. दोन मोठे चमचे म्हणजे २७ ग्रॅम तेल, त्यातली २२ ते २४ ग्रॅम संपृक्त चरबी. तुम्हाला जेवढी दिवसभरात नको तेवढी तुम्ही चहाच्या आधी घेताय. आणि जी गोळी एलडीएल खाली ठेवत होती ती काढून घेतलीत. अंगाला बरं वाटतं यावर जाऊ नका. कोलेस्टेरॉल वाढलेलं अंगाला कळत नाही, रक्त तपासल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी बंद आहे हे खरं सांगा. रागावले तर रागावू देत. गोळी पुन्हा कशी आणि किती सुरू करायची ते तेच सांगतील. दुसरी एक फार महत्त्वाची गोष्ट: स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात, त्या चालू आहेत ना? त्या स्वतःहून कधीही बंद करायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या. गोळीने अंग दुखत होतं म्हणून सोडली असेल तर तेही सांगा, मात्रा कमी करता येते, दुसरी गोळी देता येते. आणि छातीत दाटलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा दुखला तर गाडी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. होडीवर असाल तर बरोबरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

देवबागचो

रगत पातळ करूची गोळी चालू आसा, ती सोडूक नाय. गोळयेन पाय दुखी होते म्हणान दुसरी सोडलंय, डॉक्टराक सांगूक नाय. सकाळी फोन करतंय. खोबरेल आजपासून बंद.

दापोलीकर

मॅडम, आजोबांबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं. माझे एक काका खरोखरच पंचावन्नात गेले आणि आम्ही ‘अचानक’ असंच म्हणत आलो. सोयाबीनवाल्यांचा डाव आहे हे मात्र मला अजूनही वाटतं. अमेरिकेत तेल कंपन्यांचा पैसा संशोधनात असतोच ना?

निवृत्त, वेंगुर्ले

असतो, आणि प्रत्येक पेपरच्या शेवटी पैसा कुणाचा ते बघायचं ही सवय चांगली आहे. पण मग ती दोन्हीकडे लावा. नारळाचाही उद्योग आहे, त्याचेही पुरस्कर्ते आहेत, आणि घाणेवाली ताईंच्या घरात पडलेला स्टिकरचा गठ्ठा कुठल्याही अमेरिकन कंपनीने छापलेला नाही. सिंगापूरच्या १६ चाचण्या वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या लोकांच्या आहेत. म्हणून एका अभ्यासावर न जाता एकत्र हिशेब बघतात.

आचऱ्याची घाणेवाली

सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. स्टिकर चुलीत गेले. सासऱ्यांच्या कढीत कालपासून नारळ थोडा कमी केलाय, धणे-कांदा भाजून वाटला, जेवले. बोलले काही नाहीत.

दुकानात लावायला मजकूर लिहिलाय, बघा कसा वाटतो: ‘आमच्या बागेतल्या खोबऱ्याचं घाण्यावरचं तेल. काहीही मिसळलेलं नाही. इतर तेलांप्रमाणेच बेताने वापरा. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल असेल तर डॉक्टरांना विचारून.’ पाच लिटरऐवजी पाव लिटरच्या बाटल्या जास्त भरायचं ठरवलंय. धंदा थोडा बसेल, पण केसांसाठी आणि बाळाच्या मालिशसाठी मागणी आहेच.

आणखी एक विचारायचं होतं. पावसाळ्यात खोबरं नीट वाळत नाही. आमच्याकडे चुलीवरच्या माळ्यावर टाकतो, तरी काही वाट्यांवर हिरवट-काळी बुरशी येते. सासरे म्हणतात, बुरशी पुसून उन्हात टाकलं की झालं. गावात सगळे तसंच करतात. तेलाला वास तर येत नाही. चालतं का?

निवृत्त, वेंगुर्ले

ताई, मजकुरातलं ‘इतर तेलांप्रमाणेच’ काढा. शेंगदाणा तेलाच्या तुलनेत यात संपृक्त चरबी चौपटीहून जास्त आहे, त्यामुळे ते वाक्य बरोबर नाही. त्याऐवजी ‘रोजच्या तळणाला नको, चवीपुरतं वापरा’ असं लिहा. बाकी मजकूर उत्तम आहे.

बुरशीचं विचारलंत हे फार बरं केलंत. माझ्या मते तुमच्या घाण्यावर ‘विष’ हा शब्द कुठे लावायचा असेल तर तो इथे. दमट खोबऱ्यावर वाढणाऱ्या बुरशींत ॲस्परजिलस फ्लेवस ही एक असते, आणि ती ॲफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृताला घातक, आणि माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते घातलंय. पुसून जात नाही, कारण बुरशीचे धागे आत शिरलेले असतात. उन्हाने आणि नेहमीच्या भाजण्याने पूर्ण जात नाही. वासाने किंवा चवीने कळत नाही. कारखान्यात तेल शुद्ध करताना त्यातलं बरंचसं निघून जातं, पण घाण्याचं तेल तुम्ही फक्त निवळून भरता, त्यामुळे तुमची सगळी भिस्त चांगल्या खोबऱ्यावर.

बुरशीच्या वाट्या वेगळ्या काढा आणि टाकून द्या. जीव तुटतो, माहीत आहे, एकेक नारळ पाडायला किती पैसे पडतात तेही माहीत आहे. पण एक खराब वाटी पूर्ण घाण्यात मिसळते. फोडल्यानंतर पहिले एक-दोन दिवस सगळ्यात नाजूक, तेव्हा ओलावा पटकन उतरला पाहिजे. एकूण ओलावा ६ टक्क्यांपर्यंत खाली आला की बुरशीला वाव राहत नाही. काप हाताने वाकवून बघा, वाकला तर कच्चा, कडकन मोडला तर झाला. जमिनीवर गोण्या रचू नका, खाली फळ्या टाका. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर घाणा बंद ठेवा आणि मेमध्ये वाळवलेलं खोबरं हवाबंद पिंपात ठेवून तेच वापरा. वाळवणी यंत्राची चौकशी करायची तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा.

आणि पेंड. खराब खोबऱ्यातलं ॲफ्लाटॉक्सिन तेलापेक्षा पेंडीत जास्त उतरतं. ती गाईला घातली तर रूप बदलून दुधात येतं, आणि ते दूध बहुतेक घरातल्या लहान मुलांच्याच पेल्यात जातं. तेव्हा ज्या घाण्यात बुरशीचा माल गेला असेल असा संशय आहे, त्याची पेंड गोठ्यात देऊ नका, शेजाऱ्यांनाही देऊ नका. माडाच्या आळ्यात खोल पुरून टाका.